जीपच्या मागं टांगलेली मोटारसायकल

माझी बायको मोटारसायकलच्या शर्यतीत उतरते, हे आमच्या दिंद्रुड गावात आता कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. डांबरी रस्त्यावरच्या शर्यती नव्हेत. मैदानात मातीचे उंचवटे, खड्डे आणि वेडीवाकडी वळणं करून त्यांवरून गाड्या पळवतात, त्या. त्यासाठीची गाडी वेगळीच असते. उंच, सडपातळ, दातेरी टायरांची. तिला दिवा नाही, हॉर्न नाही, नंबर प्लेट नाही. म्हणजे ती रस्त्यावर चालवायची सोय नाही, दुसऱ्या वाहनावर लादूनच न्यावी लागते.

लग्न ठरलं तेव्हा तिच्या भावानं मला तेलगावच्या माळावर नेलं होतं. त्यानं तिथं ट्रॅक्टरनं माती ओढून बहिणीसाठी सरावाचं मैदान केलं होतं. ती एका उंचवट्यावरून गाडीसकट हवेत गेली आणि पलीकडं उतरली. मी घरी येऊन आईला एवढंच सांगितलं, की मुलगी चांगली आहे, मोटारसायकल चालवते. आईनं म्हटलं, "बरंय की, दवाखान्यात न्यायला उपयोगी पडंल." त्यानंतर त्या विषयावर आई स्वतःहून कधी काही बोलली नाही. मैदानावर तर ती कधीच आली नाही. सून सरावाला निघाली, की आई कपाळाला विभूती लावून दुकानातल्या खुर्चीत येऊन बसायची आणि पाइप घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांशी नेहमीपेक्षा जास्त बोलायची.

मोटारसायकल न्यायला इतके दिवस माझ्या मित्राची पिकअप होती. दिवाळीनंतर ऊसतोडीची माणसं बाहेर पडायला लागली आणि मित्राची पिकअप त्यांचं सामानसुमान पोचवायच्या कामाला लागली. "आता पट्टा पडेपर्यंत माझ्या भरवशावर राहू नको," त्यानं सांगितलं. कारखान्यांचा पट्टा पडायला, म्हणजे उसाचं गाळप बंद व्हायला, उन्हाळा उजाडतो. बायकोची शर्यत तर तोंडावर आली होती, तीही गेवराईच्या पुढं, हायवेनं गेल्यावर लागणाऱ्या मोठ्या शहराबाहेर.

"आपल्या जीपच्या मागं कॅरिअर लावू," ती म्हणाली.

तिनं मोबाइलवर चित्रं दाखवली. जीपच्या मागच्या बंपरखाली, चेसिसला बोल्टनं आवळलेली एक चौकोनी लोखंडी नळी असते, तिला हिच म्हणतात. त्या नळीत कॅरिअरचा दांडा सरकवायचा. दोन्हींना आरपार भोक असतं, त्यातून पिन घालायची आणि पिनेच्या टोकाला क्लिप लावायची, म्हणजे ती निसटत नाही. कॅरिअरला आडवी पन्हळ असते. तिच्यात मोटारसायकलची दोन्ही चाकं बसवायची आणि पट्ट्यांनी ती दोन्हीकडून खाली ओढून बांधायची. सगळं वजन त्या एका दांड्यावर. जमिनीला टेकणारं खाली काही नाही.

माझी हार्डवेअरची दुकानदारी. लोखंडावर माझा विश्वास आहे, पण ते कुठंतरी टेकलेलं असलं म्हणजे. हे लटकणारं प्रकरण मला पहिल्यापासून रुचलं नाही.

तिला ॲल्युमिनियमचं हलकं कॅरिअर हवं होतं. दोघांनी सहज उचलता येईल, जीपच्या मागच्या चाकांवर भार कमी येईल, असं तिचं म्हणणं. मी त्याची माहिती वाचली. जेवढं वजन ते पेलतं असं लिहिलं होतं, त्याच्या अगदी काठावर तिची गाडी बसत होती. टाकी भरली, की काठाच्याही बाहेर.

"हे न्हाई चालायचं," मी म्हटलं. "लोखंडी घेऊ. दुप्पट वजन पेलणारं."

"ते स्वतःच किती जड हाय ते बघितलं का? कॅरिअर पेलंल हो, पण जीपचं काय? मागं एवढं लटकलं तर पुढची चाकं हलकी होतेत. स्टिअरिंग हातात राहत न्हाई."

"मी हळू चालवीन."

दोन-तीन दिवस असंच चाललं. दुकानात गिऱ्हाईक नसलं, की मी मोबाइलवर कॅरिअरं बघायचो. एकाची पन्हळ अरुंद, एकाची पट्टे बांधायची कडी नाजूक, एकाचा दांडा फार लांब. प्रत्येकात मला खोट दिसायची. शेवटी एका संध्याकाळी जेवताना तिनं ताट बाजूला सरकवलं.

"खरं सांगा. तुमाला कॅरिअर पसंत न्हाई, का माझं जाणंच पसंत न्हाई?"

आई समोर बसली होती. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच धरून ठेवला. मी म्हटलं, "तसं काही न्हाई." माझ्या आवाजावरून कुणालाही कळलं असतं, की तसंच काहीतरी आहे. बायको उठून गेली. आईनं मला विचारलं, "शर्यत कवा हाय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मी येणार हाय संगं." आणि जेवायला लागली.

बायकोला हे कळल्यावर ती पलंगावर बसूनच राहिली. "आत्याबाई मला अडवायला येतेत. तिथं चारचौघांत म्हणतील, बस झालं आता, चल घरी. मग मी काय करू?" आईला विचारायची हिंमत माझ्यात नव्हती आणि तिच्यातही नव्हती.

शेवटी लोखंडी कॅरिअरच मागवलं. बायकोनं एक अट घातली: मोटारसायकल नेहमीच्या पट्ट्यांशिवाय आणखी एका पट्ट्यानं थेट जीपच्या छतावरच्या लोखंडी जाळीला बांधायची. मी हो म्हटलं. ट्रान्सपोर्टनं पेटी आली, हिच बसवून घेतली, कॅरिअर जोडलं. मोटारसायकल चढवून आम्ही तेलगावापर्यंत जाऊन आलो. मधल्या गतिरोधकांवर जीपचं नाक खरंच जरा वर उचललं जायचं, पण सांभाळता येत होतं. फक्त मागून एक आवाज यायचा, खट्, खट्, खट्. दांडा नळीत किंचित सैल होता. मी विकणाऱ्याला फोन लावला. "थोडा आवाज येणारच साहेब," तो म्हणाला, "सगळ्यांनाच येतो." आम्ही दोघांनी वजन, जाडी, पट्टे, कड्या सगळं तपासलं होतं. आवाजाला कुणी महत्त्व दिलं नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. मी चालवत होतो, बायको शेजारी, आणि आई मागच्या आडव्या सीटवर, मागच्या काचेशेजारी. त्या काचेपलीकडं मोटारसायकल आडवी उभी होती. थंडीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, आणि सांडलेल्या पाचटावरून जीप सरसर आवाज करत जात होती. बायकोनं एकदा आरशातून मागं बघितलं. आई गाडीकडं टक लावून बसली होती.

"आत्याबाई, पाणी देऊ का?"

"नको."

माजलगाव मागं टाकलं. तलवाड्याच्या अलीकडं रस्ता जागोजाग उखडलेला होता. खड्डे चुकवता येतील तेवढे चुकवत होतो. खट्-खट् आवाज वाढला होता, पण रस्ताच तसा असल्यामुळं मला त्यात नवल वाटलं नाही. मागून उसाचा एक रिकामा ट्रक आला. खेप टाकून फडाकडं परत निघालेले ते ट्रक फार घाईत असतात. तो आमच्या अगदी पाठीला लागला. समोरून एकामागून एक वाहनं येत होती, त्यामुळं त्याला पुढं जाता येईना.

तेवढ्यात आई म्हणाली, "ही गाडी लांब चाललीय."

"कोणती गाडी?"

"ही. आपली. मघाशी काचेला खेटून होती. आता मधी माझा हात मावंल."

बायको सीटवर गुडघे टेकून मागं वळली आणि तिचा चेहरा उतरला.

"पिन गेली," ती म्हणाली. "दांडा बाहेर सरकायलाय."

माझा पाय आपोआप ब्रेककडं गेला. आई मागून ओरडली, "थांबू नको रे! मागं ट्रक हाय!"

मोटारसायकल आडवी बांधल्यामुळं जीपचे मागचे दिवे तिच्या टायरांनी झाकले गेले होते. मी ब्रेक मारलेला ट्रकवाल्याला दिसलाच नसता. तो सरळ मोटारसायकलवर, आणि मोटारसायकल काच फोडून आईवर. मग वेग वाढवून ट्रकपासून सुटावं म्हटलं, तर बायकोनं माझं मनगट पकडलं.

"रेस करू नका! वेग वाढवला की दांडा आणखीन बाहेर येईल. नुसता पाय काढा. गिअर तोच ठेवा."

"आन मागचा?"

"पाय काढा म्हणलं ना!"

मी पाय काढला. इंजिनाच्या ओढीनं जीप हळूहळू मंदावायला लागली. हाताला घाम आला होता, स्टिअरिंग निसटत होतं. पुढची चाकं तशीही हलकी झालेली. आरशात ट्रकचं नाक एवढं मोठं दिसत होतं, की वरची काच दिसत नव्हती. त्यानं हॉर्न वाजवला आणि बोट काढलंच नाही.

आईनं बाजूची सरकती काच उघडली. खांद्यापर्यंत हात बाहेर काढला आणि मागं हो, मागं हो, अशी खूण करत ती ओरडायला लागली. आईचा आवाज आमच्या गल्लीतही कुणी ऐकला नसेल इतका मोठा निघत होता. "मागं सर! आरं मागं सर की!" ट्रकवाल्याला ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण तो हात त्याला दिसला असावा. त्याचं नाक जरा मागं गेलं. समोरून येणारी बस निघून गेली. आईनं मग तोच हात पुढं जा, पुढं जा, असा फिरवला. ट्रक आमच्या बाजूनं धडधडत गेला. त्याच्या वाऱ्यानं जीप हेलकावली आणि मागून कर्रकन आवाज आला.

"हाय, अजून हाय," बायको म्हणाली. ती पूर्ण वेळ मागंच बघत होती. "पट्ट्यानं धरलंय. आता डावीकडं घ्या. हळू. खड्डा नका घेऊ."

मुरमाच्या कडेवर जीप उतरवली आणि एका शेताच्या वाटेच्या तोंडाशी ती थांबली. इंजिन बंद केल्यावरही माझे हात स्टिअरिंगवरच होते. बायकोनं ते एकेक करून सोडवले.

खाली उतरून बघितलं. क्लिप कुठंतरी गळून पडली होती. पिन पडली नव्हती, एका बाजूनं नळीच्या भोकात नुसतं टोक अडकून लोंबत होती. सैल दांडा हलून हलून तिला बाहेर ढकलत राहिला होता. दांडा चार बोटं बाहेर आला होता आणि सगळं ओझं छताच्या जाळीला बांधलेल्या त्या जादा पट्ट्यानं तोललं होतं. जाळीचा लोखंडी गज वाकला होता.

बायको खाली बसली. "मी मैदानावर पडले तर मी पडते," ती म्हणाली. "हितं आत्याबाई मागं बसल्या होत्या."

तेवढ्यात पुढं गेलेला ट्रक थांबला आणि त्याचा ड्रायव्हर तावातावानं चालत आला. "ब्रेक मारायलास का न्हाई कायबी कळंना बे! लाइट कुठंयत तुझ्या गाडीचे?"

आई जीपमधून उतरत होती. "बे कुणाला म्हणतो रे? आन तू एवढा चिकटून कावून चालवतो? तुझी आई बसली असती हितं तर?"

त्यानं आईकडं बघितलं आणि त्याचा आवाज खाली आला. "चुकलं मावशी. पन खरंच दिसलं न्हाई वो." मग त्यानंच खांदा लावला. तिघांनी मिळून कॅरिअर पुन्हा नळीत ढकललं. जीपमध्ये दुकानातली जाड तार होती. पिन बसवून तिच्या दोन्ही टोकांना ती तार पिळून पिळून बांधली. ड्रायव्हरनं एकदा लाथ मारून बघितलं, मान हलवली आणि तो गेला.

मी म्हटलं, "आता परत फिरू."

बायकोनं मोटारसायकलच्या सीटवरची धूळ हातानं पुसली. ती परत फिरायला तयार होती, हे मला दिसत होतं. त्या क्षणी मला हायसं वाटलं, आणि लगेच त्याचं वाईटही वाटलं.

"कावून?" आई म्हणाली.

"कावून म्हणजे? बघितलं न्हाई का आत्ता काय झालं?"

"बघितलं की. मीच बघितलं, तुमी दोघं कुठं बघत होता? आता तार बांधली न्हवं? मग चला." ती बायकोकडं वळली. "सगळं गाव मला सांगतंय, सून अशी चालवती, तशी चालवती. मी कवा बघितलंय? तेलगावाला यायचं म्हणलं तर हा कधी चल म्हणत न्हाई, आन तू बी म्हणत न्हाईस. मग म्हणलं, आपणच म्हणावं."

बायको म्हणाली, "मला वाटलं, तुमाला आवडत न्हाई."

"मला भ्या वाटतं. आवडत न्हाई असं कवा म्हणलं मी?"

मग मीही बोललो. इतक्या दिवसांत जे बोलता आलं नव्हतं, ते त्या मुरमाच्या कडेवर उभं राहून सोपं झालं. "मलाबी भ्याच वाटतं," मी म्हटलं. "कॅरिअर कोणतंही असतं तरी वाटलंच असतं."

"मग तसं सांगायचं ना," बायको म्हणाली. "मी हलकं घेतलं असतं." आणि ती हसली. फार नाही, पण हसली.

पुढचा रस्ता अगदी बैलगाडीच्या चालीनं कापला. दर थोड्या वेळानं थांबायचं, उतरायचं, तार बघायची. हायवेवर सगळी वाहनं आम्हाला हॉर्न मारत पुढं जात होती. आई काचेला पाठ न लावता बसून होती, आणि काही विचारायच्या आत सांगायची, "हाय तितंच."

मैदानाजवळ माझ्या मावसभावाचं घर होतं, तिथं उतरलो. दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या जागी गेलो, तर तिथं नाना तऱ्हा. कुणी पिकअपमधून आलेलं, कुणाच्या गाडीमागं दोन चाकांची छोटी ट्रॉली, आणि दोघा-तिघांकडं आमच्यासारखंच कॅरिअर. त्यातल्या एकाच्या हिचवर एक पोलादी पट्टी आवळलेली होती. ती दांड्याला नळीशी इतकी घट्ट धरून ठेवायची, की कॅरिअर हातानं हलवून हलत नव्हतं. त्यानं क्लिपऐवजी कुलूपवाली पिन लावली होती आणि मोटारसायकलच्या मागं नंबर आणि लाल दिवे असलेली एक वेगळी पाटी टांगली होती. मी त्याच्याशी बराच वेळ बोललो. वजन किती पेलतं, एवढंच मी इतके दिवस विचारत आलो होतो. दांडा नळीत किती खेळतो, हे विचारायला हवं होतं. आणि बायको म्हणत होती ते जीपच्या नाकाचंही खरंच होतं. त्यानं सांगितलं, की दांडा जितका आखूड आणि ओझं जितकं बंपरजवळ, तितकी गाडी शांत चालते.

शर्यत सुरू झाली तेव्हा आई दोरीजवळ उभी होती. सगळ्या हेल्मेटमध्ये तिला आपली सून ओळखू येईना. मी दाखवलं. पहिला फेरा नीट गेला. दुसऱ्या फेऱ्यात एका वळणावर बायकोचं मागचं चाक घसरलं आणि ती गाडीसकट आडवी झाली. मागचे स्वार तिच्या अंगावरून जातात की काय असं वाटलं. आईनं माझा दंड असा धरला, की नखं रुतली. ती ओरडली नाही. "शिव शिव शिव," एवढंच पुटपुटत होती. बायको उठली. गाडी उभी केली, किक मारली. चालू झाली नाही. पुन्हा मारली. मग चालू झाली. ती सगळ्यांच्या मागून निघाली आणि शर्यत पूर्ण करून आली. तिचा नंबर शेवटून कुठंतरी लागला.

"दुखलं का गं?" आईनं विचारलं.

"कोपर सोललंय नुसतं."

"पयल्या फेऱ्यात लई भारी गेलीस." मग ती म्हणाली, "त्या वळणाला तू आतून कावून गेलीस? तो लाल टोपीवाला बाहेरून गेला की."

बायकोनं हेल्मेट काढलं, तिच्याकडं बघितलं, आणि दोघी त्या वळणाबद्दल बोलायला लागल्या. मी मोटारसायकल चढवायला घेतली.

शहरात ती पोलादी पट्टी मिळाली, कुलूपवाली पिन मिळाली, दिव्यांची पाटीही मिळाली. तिची वायर जीपच्या वायरिंगला जोडून घ्यायला दुपार गेली, म्हणून तो दिवस तिथंच मुक्काम केला. कॅरिअरचा दांडा आखूड करून घ्यायचा, की हे विकून हलकं आणि बंपरला जवळ बसणारं घ्यायचं, यावर आमचं तिघांचं जेवताना बोलणं झालं. आई हलक्याच्या बाजूनं होती. शेवटी तेच घ्यायचं ठरलं, जरा जास्त वजन पेलणारं बघून.

परत येताना बायकोनं जीपची चावी माझ्या हातातून घेतली. आई पुढं तिच्या शेजारी बसली, मी मागं. पट्टी आवळल्यामुळं आता आवाज येत नव्हता. काचेपलीकडं मोटारसायकल जागच्या जागी होती, तरी माझी नजर तिच्यावरून हटत नव्हती. पुढं त्या दोघी काहीतरी बोलत होत्या. इंजिनाच्या आवाजात मला शब्द लागत नव्हते. तलवाड्याच्या खडबडीत रस्त्यावर बायकोनं वेग कमी केला, तशी मी हात लांब करून काच आणि गाडीमधलं अंतर बोटांनी मोजलं. ते तेवढंच होतं.